भवानीचं गिऱ्हाईक

"काय दाखवू, बापाक?" असं, कुणा परक्या गृहस्थाला आदराने हाक मारावी तसं म्हणून सुमिराने माझा हात सोडला आणि खांबाला पाठ लावून ती खाली बसली. बसली म्हणजे अगदी पूर्वीसारखी, एक गुडघा उभा आणि एक आडवा. घरात खुर्चीवरून उठताना देवाच्या नावाने बोंब मारणारी ही बाई. मी खाली वाकून तिच्याकडे बघत राहिलो. मालिओबोरो रस्त्यावरची दुकानं नुकती उघडत होती. समोर रस्त्याच्या कडेला घोडागाडीवाला घोड्याला गवत घालत होता, घोड्याच्या मुताचा तो ओळखीचा आंबट वास येत होता, आणि माझी बायको माझ्याकडे गिऱ्हाइकाकडे बघावं तशी तोंडभर हसून बघत होती. असं हसू गेल्या वर्षभरात माझ्या वाट्याला आलं नव्हतं. घरी ती मला घाबरते. घाबरून हसते ते निराळं. हे हसू मोकळं होतं, पण ते माझ्यासाठी नव्हतं, सकाळच्या पहिल्या गिऱ्हाइकासाठी होतं. आणि तरी मूर्खासारखं मला बरंच वाटलं.

पूर्वी ती ज्याच्याशी माल मांडून बसायची तो खांब तिने बरोबर ओळखला होता. मला ओळखता आला नसता. फूटपाथवरचे सगळे विक्रेते केव्हाच नव्या छपराखाली नेऊन बसवले, फूटपाथ धुऊनपुसून लख्ख केला, कुंड्या आल्या, बाकडी आली. पूर्वी इथे दोन माणसांना शेजारी शेजारी चालता यायचं नाही. एका अंगाला दुकानं, दुसऱ्या अंगाला ह्या बायका, आणि डोक्यावर लोंबणारे बातिकचे सदरे, चामड्याच्या बाहुल्या, लाकडी मुखवटे, पिशव्या, पंखे. गिऱ्हाईक त्यातून डोकं काढत चालायचं. आता सगळे खांब सारखे दिसतात. मी आपला स्टेशनपासून चालत येताना मनात म्हणत होतो की चपलांच्या दुकानासमोरचा असावा, नाही, त्याच्या पुढचा असावा. तिने मात्र एकदाही मान वळवली नाही. ह्या खांबाशी आली आणि हात सोडला. खांबाला तिने ओळखलं ह्याचा मला हेवा वाटला हे सांगायला लाज कशाला वाटायला हवी? वाटला.

कारण आज ओळखण्यावरच सगळं ठरायचं होतं. वेनिंग, आमची मुलगी, काल बालिकपापानहून आली होती ती आईला घेऊन जायलाच. दुपारचं विमान होतं. आणि ह्यात तिचा काही दोष नाही. मला ती पाक म्हणते, आईला बू. महिन्यापूर्वी तिने फोनवर विचारलं होतं, "पाक, मी बूला इकडे घेऊन येऊ का?" आणि मी म्हटलं, "हो." आता आमच्या जावा बेटावरच्या माणसाने असं हो म्हटलं तर समोरच्याने काय समजायचं? समजायचं की ह्याला तोंडावर नाही म्हणवत नाही. आणखी दोनदा विचारायचं, मग तो म्हणणार, बघू, मग समजायचं की नाहीच. हे आईच्या दुधाबरोबर येतं, शिकवावं लागत नाही. पण वेनिंग तिकडे एका बाताक जमातीच्या माणसाशी लग्न करून राहिलेली. जावई तोगार सोन्यासारखा माणूस, पण त्यांच्याकडे हो म्हणजे हो, आणि तेही ओरडून. वीस वर्षं तसल्या घरात राहिल्यावर पोरीचे कान बदलले. तिने माझं हो उचललं आणि तिकिटं काढली. मग तिकिटं काढल्यावर नाही कसं म्हणायचं? पोरीला वाईट वाटलं असतं. असा मी माझ्याच शब्दात अडकलो. जाळ्यात कोळ्यानेच अडकावं तसं.

पण मनातून मीही जाणत होतो की माझ्याने होत नव्हतं. स्वयंपाक करेन, कपडे धुवेन, औषधं देईन. पण परक्या पुरुषाकडून कोणती बाई अंघोळ घालून घेईल? सुमिरा तर मोठी मानी बाई. मी न्हाणीशी गेलो की ती दार लावून आतून अगदी आदबीने म्हणते, "माफ करा, बापाक, आमचे हे आले की बघतील. आपण कशाला तसदी घेता?" एवढ्या आदबीने माझ्याशी ती लग्नाआधीसुद्धा बोलली नव्हती. रात्री खोलीला आतून खुर्ची लावून झोपते, कारण घरात कोणी परका म्हातारा वावरतो. आणि पहाटे उठून नवऱ्याला शोधायला बाहेर पडते. मागच्या महिन्यात तर नदीच्या पायऱ्यांवर सापडली. तिला धरायला गेलो तर तिने आरडाओरडा केला, आणि लोकांनी मलाच धरलं. तिच्या दृष्टीने तिचं सगळं बरोबर आहे. ती पतिव्रता आहे, आणि माझ्यापासून स्वतःला जपते आहे. ह्याच्यावर औषध काय?

तरी काल रात्री जेवताना मी वेनिंगला म्हटलं, "उद्या सकाळी मी तिला तिच्या जागेवर नेऊन आणतो. मालिओबोरोला. तिथे तिने मला ओळखलं तर तिला राहू दे." वेनिंगने ताटातून वर बघितलं. आईची बॅग तिने भरून दाराशी ठेवली होती. मग ती हळूच म्हणाली, "हो, पाक." पोरगी काही अगदीच विसरली नव्हती. हे हो मात्र आमच्या पद्धतीचं होतं.

सुमिराने खांद्यावरची शाल काढून फरशीवर पसरली. चारी कोपरे ओढून नीट केले, सुरकुत्या तळहाताने काढल्या. मग पर्समधून एकेक वस्तू काढून मांडायला लागली. चष्म्याचं घर, गोळ्यांची पट्टी, रुमाल, घराची किल्ली. किल्लीला चामड्याची छोटी बाहुली लटकत होती, ती तिने वर करून ठेवली, गिऱ्हाइकाला रंगकाम दिसावं म्हणून. आणि सगळ्यात शेवटी शिंगाची फणी. मोठ्या वस्तू मागे, लहान पुढे, आणि मध्ये हात फिरवायला जागा. मी तिच्यासमोर उकिडवा बसलो. माझ्या गुडघ्यांनी आवाज केला. "सावकाश, सावकाश," ती म्हणाली, "वयाच्या मानाने छान आहे हो तब्येत आपली."

ती फणी पन्नास वर्षांपूर्वीची, मीच तिच्याकडून घेतलेली. मी तेव्हा स्टेशनावर रात्रपाळीला होतो. सकाळी सुटलो की चालत घरी जायचो तो ह्याच रस्त्याने, डोळ्यात वाळू भरल्यासारखी व्हायची. एका सकाळी ही पोरगी इथे शाल पसरत होती. मी एका फणीवर पाय देता देता वाचलो, म्हणून वाकून ती उचलली आणि भाव विचारला. तिने सांगितला, मी निम्म्याने मागितली, चेष्टेनेच. तिचा चेहरा पडला, पण तिने फणी दिली. मला कळेना. मग शेजारची म्हातारी पंखेवाली खो खो हसली. "भवानीचं गिऱ्हाईक आहेस तू, परत पाठवता येतं होय? पहिलं गिऱ्हाईक हात हलवत गेलं की दिवस गेला. नशीबवान आहेस, मेल्या." सुमिराने माझी नोट घेतली आणि मांडलेल्या प्रत्येक वस्तूवर ती नोट आपटत गेली. लारिस, लारिस. खपू दे, खपू दे. फण्यांवर, बाहुल्यांवर, पाकिटांवर. मग ती नोट कपाळाला लावून कमरेला खोचली, आणि माझ्याकडे असं बघितलं की ह्या भामट्याचं मढं कधी बाहेर पडेल. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा पहिला हजर. तिसऱ्या दिवशी पुन्हा. पहिल्या गिऱ्हाइकाला नाही म्हणता येत नाही, एवढं मला उमगलं होतं, आणि माझ्यासारख्या मुखदुर्बळ माणसाला एवढा आधार पुष्कळ होता. घरात फण्यांचा ढीग झाला. आई म्हणाली, हा पोरगा उवा झाल्या म्हणून सांगत नाही की काय. शेवटी एका सकाळी मी फणी न उचलता तसाच बसून राहिलो. सुमिरा म्हणाली, "आज काय हवंय?" मी म्हटलं, "आज जे मागेन त्यालाही नाही म्हणता येणार नाही, हो ना?" पंखेवाली म्हातारी पंखा तोंडावर धरून हसायला लागली. लग्नात मी त्या सगळ्या फण्या सुमिराला परत दिल्या. नंतर तिने त्या एकेक करून विकल्याही. एक ठेवली.

मी तीच उचलली. "ही केवढ्याला?"

"ती नाही विकायची." तिने पटकन माझ्या हातून घेतली. "चुकून मांडली गेली. आमच्या ह्यांची आहे."

"तुमच्या ह्यांची?"

"हो ना. सगळ्या माझ्याकडूनच भाव पाडून पाडून घेतल्या आणि लग्नात मलाच आणून दिल्या. असा शहाणा माणूस." ती हसली. मग माझ्या डोक्याकडे बघून आणखी हसली. "आणि बापाक, रागावू नका, पण आपल्याला फणी हवी तरी कशाला?"

मी टकलावरून हात फिरवला. मला हसू आलं आणि रडूही आलं, आणि दोन्ही एकदम येऊ द्यायला जागा नव्हती, म्हणून मी घसा खाकरला. विचारावं की नाही कळेना. चोरून दुसऱ्याची चिठ्ठी वाचावी तसं वाटत होतं. पण विचारलं. "कसे आहेत तुमचे हे?"

"बरे आहेत. स्टेशनावर असतात, रात्रपाळी." तिने गोळ्यांची पट्टी जरा सरळ केली. "बोलत नाहीत फार. सगळ्याला हो म्हणतात. शेजाऱ्याने शिडी मागितली, हो. भावाने शेत मागितलं, हो. मग घरी येऊन तोंड पाडून बसतात. पण मला कळतं, त्यांचं कुठलं हो खरं ते."

"कसं कळतं?"

"आता कसं ते काय सांगू? कळतं." ती जरा लाजली. सत्तरीची बाई परक्या पुरुषासमोर नवऱ्याबद्दल लाजते आहे, आणि मी तो परका पुरुष. मला वाटलं, आता सांगावं. हात धरावा आणि म्हणावं, सुमिरा, अगं मीच. पण घरी हे सगळं करून झालं होतं. लग्नाचा फोटो दाखवून झाला होता. तिने फोटो हातात घेऊन माझ्याकडे संशयाने बघितलं होतं, हा तुमच्याकडे कसा म्हणून. मी सांगितलं की ती उठून जाणार. इथे निदान ती माझ्यासमोर बसली होती आणि माझ्याबद्दल बोलत होती. माणसाने आणखी किती मागायचं, असं मनाला म्हटलं, पण मन काही ऐकेना. ते मागतच होतं.

"मग किल्ली द्या," मी म्हटलं.

"घ्या ना. बाहुली बघा किती नाजूक कातरलीय." तिने भाव सांगितला, पूर्वीचा, ज्यात आता चहाही येत नाही. मी घासाघीस केली नाही. तिला ते आवडलं नाही असं दिसलं, गिऱ्हाईक जरा खुळचट वाटलं असावं. मी नोट दिली. तिने ती दोन बोटांत धरून वस्तूंवर आपटली. चष्म्याच्या घरावर, गोळ्यांवर, रुमालावर. लारिस, लारिस. हाताला काही शिकवावं लागलं नाही. मी बघत होतो, कारण ह्या क्षणाच्या भरवशावर मी आलो होतो. नोट कपाळाला लावून ती वर बघेल, त्या पहिल्या सकाळसारखी, आणि म्हणेल की अहो, तुम्ही! तिने नोट कपाळाला लावली. वर बघितलं. "देव आपलं भलं करो, बापाक," ती म्हणाली. मी माझ्याच घराची किल्ली खिशात टाकली.

तेवढ्यात पट्टेरी जाकिटातला पहारेकरी आला. पन्नाशीचा, सभ्य माणूस. हात पुढे जोडून वाकला. "माफ करा, बू. इथे विकायला बसायची परवानगी नाही आता. सगळ्यांना आत जागा दिलीय." सुमिराचा चेहरा एका क्षणात बदलला. तिने शालीचे कोपरे उचलून सगळा माल झटक्यात मांडीत घेतला, आणि माझ्याकडे झुकून, ओठ न हलवता कुजबुजली, "बापाक, उपकार करा. सांगा त्याला, तुम्ही माझे यजमान. मला दम लागला म्हणून टेकलो म्हणावं."

मी तिच्याकडे बघितलं. तिचे डोळे विनवत होते. धाड आली की पूर्वी ह्या बायका कोणत्याही गिऱ्हाइकाला असं मध्ये घालायच्या.

"ही माझी बायको," मी पहारेकऱ्याला म्हटलं. माझा आवाज फाटला. "हिला दम लागला म्हणून टेकलो. लग्नाला आमच्या पन्नास वर्षं होत आली. विकत काही नाही आम्ही. ही माझी बायको आहे हो."

"असू दे, असू दे, पाक," पहारेकरी गडबडला. म्हातारा रडायला लागेल असं त्याला वाटलं असावं. "बाकावर बसवा त्यांना. खाली गार लागेल." तो पुन्हा वाकला आणि पुढे गेला.

तो खांबामागे दिसेनासा झाला तशी सुमिरा तोंडावर हात धरून हसायला लागली, खांदे हलेपर्यंत. "अगं बाई! काय बेमालूम खोटं बोलता हो तुम्ही! मलासुद्धा क्षणभर खरं वाटलं." मग डोळे पुसत म्हणाली, "आमच्या ह्यांना नसतं जमलं. ह्यांना खोटं बोलता येत नाही."

मी उठलो. कशासाठी ते मलाही धड कळलं नव्हतं. नाक्यावर चहा मिळतो, तिथे गेलो. पूर्वी पाळी सुटल्यावर मी प्लॅस्टिकच्या पिशवीत चहा बांधून घ्यायचो, दोघांसाठी, खडीसाखरेचा. तसाच घेतला. आणि आता स्टेशनाच्या बाजूने, म्हणजे ज्या बाजूने तिचा नवरा यायचा त्या बाजूने, तिच्याकडे चालत आलो. पावलंही जरा तशी टाकायचा प्रयत्न केला. अडला हरी म्हणतात तो असा. दुकानातल्या पोरी म्हाताऱ्याकडे बघत होत्या. लांबूनच सुमिरा मान वर करून ह्या बाजूला बघताना दिसली. तिचं तोंड उजळलं. मी पिशव्या वर केल्या. मग मी जवळ आलो, आणि तिची नजर माझ्यावरून सरकून माझ्या मागे गेली, मागून कोण येतंय ते बघायला.

"अरे, बापाक! विसरलात का काही?"

"चहा आणला," मी म्हटलं.

"माझ्यासाठी? नको हो. आमचे हे आणतील, रोज आणतात. त्यांना बरं वाटणार नाही." तिने मांडीतली शाल सावरली. "आज उशीर झाला त्यांना."

"घरी चला," मी म्हटलं. "मी सोडतो."

"ते आल्याशिवाय मी इथून हलायची नाही," ती म्हणाली, आदबीने, पण असं की पुढे बोलायची सोय नाही.

मी दोन्ही हातात दोन चहा घेऊन उभा राहिलो. उन्हं फूटपाथवर आली होती. एक सहल उतरून बाकपिया मिठाईच्या डब्यांकडे धावली, तिच्यातल्या दोन पोरांनी सुमिराचा आणि माझा फोटो काढला. आणि मग वेनिंग दिसली, गल्लीच्या तोंडाशी गाडी उभी करून आम्हाला न्यायला येताना. ती आमच्यासमोर थांबली. आधी आईकडे बघितलं, मग माझ्याकडे. माझ्या हातातले चहा बघितले आणि तिचे डोळे भरून आले.

"बू, चला," ती वाकून म्हणाली. "गाडी आलीय."

"कोण गं तू? मी नाही येत. मी ह्यांची वाट बघतेय."

"बू, प्लीज. विमान..."

"मी सांगितलं ना, नाही!" सुमिराने खांबाला घट्ट धरलं. तिच्या आवाजात ती नदीच्या पायऱ्यांवरची किंचाळी यायला लागली होती. पहारेकऱ्याने लांबून वळून बघितलं. वेनिंग तिचा हात धरायला गेली आणि सुमिराने तो झिडकारला. वेनिंग माझ्याकडे बघायला लागली, लहानपणी खेळणं मोडलं की बघायची तशी. तिचं लहानपणीचं खेळणं मी नेहमी दुरुस्त करून द्यायचो.

मला अजूनही नाही म्हणता आलं असतं. सुमिरा खांब धरून होती, माझ्या बाजूनेच होती, माझ्यासाठीच अडून बसली होती. मी नुसता गप्प राहिलो असतो तरी चाललं असतं. विमान गेलं असतं. आणि मग संध्याकाळी तिने परक्या म्हाताऱ्याला भिऊन खोलीच्या दाराला खुर्ची लावली असती, आणि एखाद्या पहाटे ती मला शोधत नदीत उतरली असती. मी पुन्हा उकिडवा बसलो. गुडघ्यांनी पुन्हा आवाज केला.

"इबू," मी म्हटलं, गिऱ्हाइकाच्या आदबीने. "सांगायचं राहिलंच. मला तुमचे हे भेटले, स्टेशनाशी."

ती थबकली. "भेटले?"

"दुहेरी पाळी लागलीय त्यांना. म्हणाले, खांबाशी बसली असेल, तिला सांगा. ह्या मुलीबरोबर जा म्हणून. आपल्यातलीच आहे, तिच्यावर विश्वास ठेव म्हणाले. मी मागून येतो म्हणाले."

"येणार म्हणाले?"

"हो," मी म्हटलं.

तिने माझ्याकडे रोखून बघितलं. माझं हो ती आतून उलटसुलट करून बघत होती, पूर्वी बघायची तशी, आणि मला वाटलं, आता ओळखेल. ओळखू दे, म्हणून मी मनात हात जोडले, आणि त्याच क्षणी म्हटलं की नको, आता नको. मग तिने मान हलवली. "मग आधी नाही का सांगायचं? मी आपली बसून राहिले." तिने खांब सोडला, रुमाल, चष्मा, गोळ्या पर्समध्ये भरल्या, फणी आतल्या कप्प्यात ठेवली, शाल झटकून खांद्यावर टाकली. वेनिंगने हात पुढे केला तो तिने धरला. ह्यांनीच सांगितलंय म्हटल्यावर प्रश्नच मिटला. मी मागे मागे गाडीपर्यंत गेलो, चार पावलं अंतर ठेवून, परक्याने ठेवावं तेवढं. वेनिंग दार लावताना "पाक" एवढंच म्हणाली, आणि मी तिला बोटाने गप्प केलं.

सुमिराने काच खाली करायला लावली. "बापाक! पुन्हा भेटले ना ते, तर सांगाल का? मागच्या दाराला कडी लावायची म्हणावं. रोज विसरतात."

"सांगतो."

"आणि फार वेळ लावू नका म्हणावं."

"सांगतो," मी म्हटलं.

चहा कोमट झाले होते. एक घोडागाडीवाल्याला दिला, एक मी प्यालो. मग चालत घरी आलो आणि विकत घेतलेल्या किल्लीने दार उघडलं. आत वारा खेळत होता. मागच्या दाराला कडी लावलेली नव्हती.